भूत बदला, सापळा ठेवा

परदेशात गाजलेल्या भयपटाचा मराठी रिमेक करावा का, हा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं येतात. मूळ सिनेमा सबटायटलसह मोबाइलवर दिसतो, मग पुन्हा कशाला करायचा, हे एक. आपल्याकडे मुंज्यापासून हडळीपर्यंत एवढी भुतं असताना जपानचं नाहीतर स्वीडनचं उसनं कशाला आणायचं, हे दुसरं. दोन्हीकडे घोटाळा एकच. भयपट म्हणजे त्यातलं भूत, असं दोघंही धरून चालतात. खरं तर भूत हा भयपटाचा सगळ्यात स्वस्त भाग. मोलाचा असतो तो सापळा, म्हणजे ज्या साध्या, रोजच्या कारणानं माणूस अडकतो आणि दार उघडं असूनही बाहेर पडू शकत नाही, ते कारण. पैसे मोजायचे ते सापळ्यासाठी. भूत इथलं घ्यावं, आणि इथलं म्हणजे काय याची उदाहरणं मी मराठवाड्यातली घेतो. बहुतेक रिमेक उलटं करतात. ते भूत जसंच्या तसं ठेवतात आणि सापळा मोडून टाकतात.

डेन्मार्कचा ‘स्पीक नो इव्हिल’ (२०२२) घ्या. सुट्टीत ओळख झालेल्या कुटुंबाकडे एक जोडपं लहान मुलीला घेऊन पाहुणं जातं. यजमान रोज थोडी थोडी हद्द ओलांडतात आणि पाहुणे भिडेपोटी गप्प बसतात. शेवटी नवरा-बायको दगडांनी ठेचून मारले जातात, तेही जवळपास प्रतिकार न करता. २०२४ च्या अमेरिकन रिमेकमध्ये पाहुणे उलटून लढतात आणि वाचतात. सिनेमा चालला, पण मूळ प्रश्नच गेला: वाईट दिसेल म्हणून माणूस किती सोसतो? नेदरलँड्सच्या जॉर्ज स्लुइझरनं तर आपल्याच १९८८ च्या सिनेमाचा १९९३ मध्ये अमेरिकेत रिमेक केला. मूळ सिनेमात नायक जिवंत पुरला जातो आणि विषय तिथं संपतो. रिमेकमध्ये त्याला बाहेर काढलं. दिग्दर्शक तोच, गोष्ट तीच, फक्त जी एक गोष्ट बदलायला नको होती ती बदलली.

भिडेचा हा सापळा मराठवाड्यात डेन्मार्कपेक्षा जास्त घट्ट बसेल. लेकीच्या सासरी मुक्कामाला गेलेला बाप डोळ्यांसमोर आणा. त्याला तिथं आवाज नाही, कारण पोरीला नांदवायचंय. त्याच्यावर होणारा प्रत्येक अपमान सुटा पाहिला तर क्षुल्लक असला पाहिजे. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बोलावणं. अंथरूण आत न घालता ओसरीत घालणं. लेक समोर येते, पण कधी एकटी येत नाही. तिचा मोबाइल नणंदेकडे. व्याही हसून म्हणतात, ‘अजून एक दिस ऱ्हावा की,’ आणि तो राहतो. पहिल्या तासाभरात भूत दाखवायची गरजच नाही. शेवट बदलून बापाच्या हातात कुऱ्हाड दिली, तर टाळ्या मिळतील आणि सिनेमा जाईल.

आता विहिरीचा मुद्दा, कारण ‘रिंग’चं नाव काढलं की प्रत्येकाला पहिली विहीरच सुचते. कोजी सुझुकीची कादंबरी १९९१ ची, हिदेओ नाकाताचा जपानी सिनेमा १९९८ चा, गोर व्हर्बिन्स्कीचा अमेरिकन सिनेमा २००२ चा. त्यातली विहीर अरुंद, दगडी आणि वर झाकण लावता येईल अशी आहे. आपली शेतातली विहीर वीस-पंचवीस फूट रुंद, उघडी, आणि चैत्रात तळ दाखवणारी. तिला झाकण कोण घालणार? बारवेला तर पायऱ्याच असतात. खाली गेलेलं कुणीही चालत वर येईल. अरुंद म्हणावं तर गावातला आड, नाहीतर साडेसहा इंचांचं बोअर. केस मोकळे सोडलेली पोर विहिरीतून सरपटत वर येते हे चित्र इथं आणलं, की प्रेक्षक हसतो. आपल्याकडे विहिरीची भीती वेगळी आहे. साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांची आहेच, पण त्याहून खरी भीती आहे ती ‘पाय घसरून विहिरीत पडली’ या वाक्याची. सासरी मेलेल्या किती बायकांच्या मरणावर हे वाक्य पांघरलं गेलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. विहीर वापरायचीच असेल तर त्या वाक्यासाठी वापरा.

‘रिंग’चा सापळा मात्र विहिरीत नाही, टेपमध्ये आहे. टेप पाहिली की सात दिवसांत मरण. वाचायचं तर तिची नक्कल काढून दुसऱ्याला दाखवायची. जपानी सिनेमाच्या शेवटी आई मुलाला वाचवण्यासाठी ती टेप आपल्याच म्हाताऱ्या वडिलांना दाखवायला निघते. आपला जीव वाचवायला तो शाप कुणाच्या गळ्यात घालायचा, हा खरा प्रश्न. रिमेक करणारे इथं हमखास व्हॉट्सॅप आणतात, आणि सापळा तिथंच मोडतो. १९९८ साली नक्कल काढायला दोन व्हिडिओ यंत्रं, एक कोरी टेप आणि समोर बसवायला एक माणूस लागायचा. फॉरवर्ड करायला काय लागतं? शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलं की सुटका. ज्याची किंमत मोजावी लागत नाही, त्याची भीतीही वाटत नाही.

मग मराठवाड्यात असं काय आहे, जे एकाच्या डोक्यावरून उतरायला दुसऱ्याच्या डोक्यावर चढावं लागतं? उचल, म्हणजे मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे. बीड, जालना, परभणी भागातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी टोळी जमवणारा मुकादम उचल देतो आणि ती तोडीतून फेडायची असते. आजारपणात एक दिवस गेला तर खाडा, म्हणजे दंड लागतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला चढते. दुसरा मुकादम ती बाकी भरून कोयता आपल्याकडे ओढतो, म्हणजे कर्ज मिटत नाही, फक्त धनी बदलतो. यात अलौकिक काही घालायचं असेल तर एवढंच पुरे: टोळीतल्या उचलीत एक रक्कम अशी आहे, की पट्टा पडायच्या आत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आत ती दुसऱ्या कोयत्याच्या नावावर गेली नाही, तर ज्याच्या नावावर राहील तो परत येत नाही. मूळ सिनेमाचे सात दिवस ठरलेले होते. कारखान्याचा पट्टा कधी पडणार हे शिल्लक उसावर ठरतं आणि टोळीला शेवटच्या काही दिवसांत कळतं. पटकथेच्या दृष्टीनं हे घड्याळ जपानी घड्याळापेक्षा क्रूर आहे. शिवाय ज्या भागात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, तिथं खाड्याच्या भीतीला वेगळा मेकअप लागत नाही.

स्वीडनचा ‘लेट द राइट वन इन’ (२००८) स्टॉकहोमच्या उपनगरातल्या बर्फात घडतो. मॅट रीव्हजनं २०१० मध्ये तो अमेरिकेत नेला तो न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला, आणि काळ धरला १९८३ चा. टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष रेगन भाषणात सैतानी साम्राज्याबद्दल बोलतोय आणि घरात एकटं पोर बसलंय. जागा बदलली, एकटेपण राखलं. आपल्याकडे बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्नच चुकीचा आहे. बर्फाचं काम काय? जग रिकामं करणं. डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगराळ गावात किंवा तांड्यावर जा. अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं, उरलेल्यांत म्हातारे आणि शाळेची पोरं, किंवा ती पोरं हंगामी वसतिगृहात. अशा गावात संध्याकाळी कुलूपबंद घराच्या ओट्यावर एक अनोळखी पोर येऊन बसते आणि शाळेत मार खाणाऱ्या पोराशी दोस्ती करते. रस्त्यावर सावल्या टाकायला वेगळे दिवे लागणार नाहीत, कारण दिवाच नसेल.

रात्रीचा विषय आला म्हणून भयपटाचं एक जुनं दुखणं सांगितलं पाहिजे. पात्र मध्यरात्री एकटं अंधारात जातंच कशाला? परक्या सिनेमात तळघरातून आवाज येतो म्हणून जातं, आणि प्रेक्षक त्याला मूर्ख म्हणतो. मराठवाड्यात याचं उत्तर महावितरणनं देऊन ठेवलंय. शेतीच्या थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची असेल, तर मोटार चालू करायला आणि दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला माणसाला रात्री दोनला शेतात जावंच लागतं, विंचू-काट्यातून, हातात बॅटरी घेऊन. ऑटो स्टार्टर मोटार चालू करतो, पाणी एका सरीतून दुसरीत वळवत नाही. सौर पंप आणि दिवसाच्या विजेमुळे हे हळूहळू बदलतंय, तेव्हा हा प्रसंग करायचा असेल त्यानं लवकर करावा.

आणि तरी मराठवाड्याची खरी भयाची वेळ रात्र नव्हे, भर दुपार. ‘बाराच्या टायमाला हिरीवर जाऊ नको’ हे पोरांना बजावलं जातं ते उगाच नाही. शेतं ओस, माणसं झाडाखाली, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. एवढं आयतं दृश्य पडून असताना मराठी भयपट निळ्या फिल्टरच्या चांदण्यात का रेंगाळतो, कळत नाही.

दुपार चित्रित करणं मात्र सोपं नाही. एरवी युनिट बारा ते तीन सुट्टी घेतं, कारण उभ्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहरा वाचता येत नाही. इथं तेच हवंय. रिफ्लेक्टर बंद ठेवा, खोबणी काळ्याच राहू द्या. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून अ‍ॅपर्चर मोकळं ठेवता येतं. लांब लेन्स लावली की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दूर उभं असलेलं माणूस पायाकडून विरघळतं. व्हीएफएक्सचा एक रुपया लागत नाही. कॅमेऱ्यावर छत्री हवीच, नाहीतर पंचेचाळीस अंशांच्या आसपास तो तापून बंद पडतो. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, लातूरकडे आधी आणि छत्रपती संभाजीनगरकडे थोडं नंतर, एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या थोडं आधी उभ्या माणसाची सावली काही क्षण पायाखाली गडप होते. भुताला सावली नसते म्हणतात. त्या दिवशी कुणालाच नसते. असा दिवस वर्षातून दोनदाच येतो, आणि दुसऱ्यांदा, जुलैच्या शेवटाकडं, आभाळ बहुधा पावसाळी असतं, म्हणून तालीम आदल्या दिवशी करून ठेवावी. आवाजाचंही तसंच. दुपारच्या शांततेत होल्याचं घुमणं आणि बालाघाटच्या पठारावर पवनचक्कीची पाती एवढंच असतं. ते जागेवरच दोन-दोन मिनिटं वेगळं ध्वनिमुद्रित करा, संगीतकाराच्या हाती नंतर जा.

उसाचंही असंच. उसातला मराठी भयपट झालेला आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७), आणि त्यांनीच केलेला त्याचा हिंदी रिमेक ‘छोरी’ (२०२१). तरीही उसात शूटिंग म्हणजे काय, हे निर्मात्यांना माहीत नसतं. अर्धा एकर पुरतो, कारण उसात आठ-दहा फुटांपलीकडं दिसतच नाही. कॅमेरा सरीच्या बाजूनं सहज सरकतो, आडवा मुळीच नाही, तेव्हा पाठलागाचे सगळे शॉट सरीच्या दिशेनं बसवा. दिवा उंचावर टांगला तर शेंडे उजळतात आणि खाली काळोख राहतो. सरीच्या टोकाला, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर दिवा ठेवून पात्राच्या पाठीमागून प्रकाश सोडला तर खोली दिसते. पानांच्या धारेनं कातडी चिरते, म्हणून नटांना पूर्ण बाह्या, आणि एकाच पोशाखाचे तीन-चार जोड. सळसळीत संवाद ऐकू येत नाहीत. निम्मे डबिंगला जाणार हे धरूनच चाला. पेटती मशाल वाळल्या पाचटाजवळ न्यायची नाही, बाजूला पाच हजार लिटरचा टँकर उभा हवा. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यात आहे का, हे पहिल्या दिवसाआधी विचारून ठेवा.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो तोडीचा. निम्मं शूटिंग झालेलं असतं आणि कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा माणूस येऊन सांगतो, उद्या तोड आली. शेतकरी थांबवू शकत नाही, पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो आणि उभ्या उसाचं वजन घटतं. सकाळी तुमचा सेट गाडीत भरून कारखान्याला गेलेला असतो. यावर उपाय एकच, तो तुकडा आधीच विकत घ्यायचा. एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले तर अर्ध्या एकराचे साठ हजार होतात. त्यावर उशिराची भरपाई द्या आणि लेखी करा. दोन दिवसांचं शूटिंग रद्द होण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

अंगात येण्याचा प्रसंग ही सगळ्यात नाजूक जागा. परदेशी भयपटात इथं पाद्री येतो. त्याच्या जागी भगत, म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिक बसवणं ही सर्वात सोपी आणि सर्वात वाईट अदलाबदल आहे. भानामती मराठवाड्याला नवी नाही. घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, अंगावर फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं खणली तेव्हा मागं बहुतेकदा घरातलंच कुणीतरी निघालं, दबलेलं, बोलायची सोय नसलेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अशा प्रथांचा प्रचारही त्यात येतो. सिनेमात मारहाण दाखवू नये असं कुणी म्हणत नाही. पण मारल्यावर बाई बरी होते असं दाखवलंत, तर तुम्ही भगताची जाहिरात केलीत. भगत हरला पाहिजे, किंवा निदान त्याच्या हातून काहीतरी कायमचं बिघडलं पाहिजे.

सापळा राखून बाकी सगळं कसं बदलावं, याचा धडा परदेशात शोधायचीही गरज नाही. मल्याळम ‘मणिचित्रताळ’ (१९९३) मध्ये केरळच्या वाड्यातली सून झपाटल्यावर तमिळ बोलू लागते आणि तिचा इलाज मानसोपचारतज्ज्ञ करतो. कन्नड आणि तमिळ रिमेकमध्ये ती तेलुगू झाली, हिंदीत ‘भूल भुलैया’ (२००७) मध्ये बंगाली. प्रत्येकानं आपल्या प्रेक्षकाला ओळखीची वाटेल, पण पूर्ण कळणार नाही अशी भाषा शोधली. मराठवाड्यात ती आयती आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड. तिसरा मोह दखनी उर्दूचा होईल, निजामकाळातला वाडा आणि रझाकारांची गोष्ट जोडून. तो टाळावा. १९४८ च्या जखमा खऱ्या आहेत, पण शेजारच्या घरात आजही बोलली जाणारी भाषा भुताच्या तोंडी घालून काय साधणार? तसंच किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंपात ढिगाऱ्याखाली गेलेल्या गावांच्या जुन्या जागा ‘झपाटलेलं लोकेशन’ म्हणून वापरणं हा निव्वळ कोडगेपणा आहे. आणि माणसांच्या तोंडची बोली सरळ ठेवा. ‘काय करायलास तिथं?’ हे वाक्य विनोदी नाही. मराठी सिनेमानं ते विनोदी करून ठेवलंय.

हक्कांचं थोडक्यात. आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. यावरून काही निर्माते सापळा फुकट उचलायला निघतात. कोर्टात कदाचित निभेलही, पण ओटीटी खरेदी करताना हक्कांची साखळी, म्हणजे हक्क कुणाकडून कुणाकडे आले याचे कागद मागते आणि तिथं व्यवहार अडतो. मूळ कादंबरी असेल तर लेखकाचे आणि निर्मात्याचे हक्क वेगळे असू शकतात, दोन्ही तपासा. आधी बारा ते अठरा महिन्यांचा ऑप्शन, म्हणजे तेवढ्या मुदतीपुरते हक्क राखून ठेवायचा करार घ्या, पूर्ण रक्कम नंतर. करारात दोन गोष्टी नावानिशी हव्यात: स्थळ, काळ आणि शेवट बदलायची मुभा, आणि मराठी आवृत्तीचं हिंदी डबिंग आणि पुढचा रिमेक कुणाचा. दुसरी अट राहिली तर तुमच्या उचलीच्या कल्पनेवर मुंबईत हिंदी सिनेमा निघेल आणि पैसे टोकियोला जातील.

राहिली प्रदर्शनाची तारीख. उसाचे प्रसंग डिसेंबर-जानेवारीत, दुपारचे मे महिन्यात, म्हणजे सिनेमा तयार होईपर्यंत दिवाळी उजाडते आणि वितरक दिवाळीच मागतो. नाही म्हणा. ज्यांची गोष्ट आहे ते तेव्हा गाव सोडून कोल्हापूर-सांगलीकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या कोप्यांत, म्हणजे तोडीच्या झोपड्यांत असतात. पट्टा पडून टोळ्या परतल्यावर, गुढीपाडव्यानंतर, जत्रा आणि लग्नसराई सुरू होते तेव्हा तो लावावा. तालुक्याची कितीतरी थिएटरं बंद पडली आहेत, त्यामुळे जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजवाल्यांशी बोलणी माघातच करून ठेवावी लागतील.